लिहिता-वाचता येतं, पण किती?

जनगणनेचा प्रगणक दारात येतो तेव्हा साक्षरतेबद्दल तो एकच गोष्ट टिपून घेतो: अमुक व्यक्ती साक्षर की निरक्षर. नियम सरळ आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येतं, ती साक्षर. नुसतं वाचता येतं पण लिहिता येत नाही, तर ती निरक्षर. शाळेत गेलेलं असण्याची अट नाही. उत्तर बहुतेक वेळा घरातलं कर्तं माणूस सगळ्यांच्या वतीनं देतं. आजीबद्दल नातू सांगतो, सुनेबद्दल सासरा सांगतो. प्रगणक कुणाच्याही हातात कागद देऊन ‘हे वाचून दाखवा’ म्हणत नाही.

२०११ साली याच पद्धतीनं पुणे जिल्ह्याचा साक्षरता दर ८६ टक्क्यांच्या थोडा वर निघाला आणि महाराष्ट्राचा ८२ टक्क्यांच्या वर. जिल्ह्याच्या पूर्व भागातले शिरूर आणि दौंड हे तालुके या सरासरीत सामावलेले आहेत. दोन्हीकडे तेव्हा पावणेचार लाखांच्या पुढे वस्ती होती. पण या तालुक्यांत राहणाऱ्यांचं रोजचं जगणं एकसारखं नाही. शिरूरमध्ये रांजणगाव आणि सणसवाडीचे कारखाने आहेत, कामगारांनी भरलेल्या भाड्याच्या खोल्या आहेत, तसंच पाबळ-केंदूरचं पाण्यासाठी झगडणारं जिरायती शिवारही आहे. दौंडमध्ये भीमाकाठचा ऊस आहे, गुऱ्हाळं आहेत, कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे आणि रेल्वेचं मोठं जंक्शन आहे. हजेरीची चिठ्ठी, पगाराची पावती, उसाचं वजन, दुधाचं बिल, बचत गटाचं पासबुक असे कितीतरी कागद इथल्या माणसाच्या हातात रोज येतात. त्यातलं त्याला किती उमगतं, हे ‘साक्षर’ या एका नोंदीतून कळत नाही. हे मोजायचं कसं, हाच या प्रकरणाचा विषय आहे.

प्रश्नाचा शंभर वर्षांचा प्रवास

भारतातल्या सुरुवातीच्या जनगणनांत तीन गट असत: शिकत असलेले, साक्षर आणि निरक्षर. १९०१ पासून दोनच उरले. १९११ साली एक नेमका निकष आला. मित्राला पत्र लिहिता यावं आणि त्याचं आलेलं उत्तर वाचता यावं, एवढं ज्याला जमतं तो साक्षर. हा निकष मला आजही मोलाचा वाटतो, कारण त्यात एक खरं काम आहे आणि ते पूर्ण झालं की नाही हे कुणालाही पडताळता येतं. स्वातंत्र्यानंतर ‘समजून वाचणं-लिहिणं’ ही व्याख्या रुळली. १९५८ साली युनेस्कोनंही रोजच्या जीवनाबद्दलचं छोटं, साधं विधान समजून वाचता-लिहिता येणं हीच कसोटी मांडली.

१९५१ साली देशाचा साक्षरता दर १८.३३ टक्के होता. २०११ साली तो ७३ टक्क्यांच्या आसपास पोचला. या चढणीमागे माणसांचे अपार कष्ट आहेत. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम, १९७८ चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८ चं राष्ट्रीय साक्षरता मिशन अशा प्रत्येक टप्प्यावर कंदिलाच्या उजेडात प्रौढांना अक्षरं गिरवायला लावणारे शिक्षक आणि तरुण होते. तो आकडा खरा आहे. मात्र तो पहिल्या पायरीचा आकडा आहे, आणि आपण त्यालाच सगळा जिना समजत आलो आहोत.

एक पट्टी जवळून पाहू

शेतकऱ्याच्या हातात बाजारातून परत येताना जी हिशेबाची चिठ्ठी पडते तिला पट्टी म्हणतात. समजा, केडगावच्या बाजारात एका शेतकऱ्यानं कांद्याच्या बारा गोणी विकल्या. पट्टीवर लिहिलेलं आहे: वजन ६१२ किलो, भाव १,४५० रुपये, हमाली ९८, तोलाई ४३, मोटारभाडे ७८०, निव्वळ देय ७,९५३.

हा कागद समजायला काय काय यावं लागतं, ते एकेक करून बघू. सर्वांत खालच्या पायरीवर, ‘वजन’ हा शब्द ओळखून त्यापुढचा ६१२ हा आकडा वाचता यावा. त्याच्या वर, निव्वळ देय म्हणजे हातात पडणारी रक्कम, हे कळावं. तिसऱ्या पायरीवर हमाली, तोलाई आणि भाडं यांची बेरीज ९२१ होते, हे ताडून पाहता यावं. चौथी पायरी खरी अवघड. वजन किलोत आहे, पण भाव क्विंटलचा आहे ही गोष्ट पट्टीवर कुठंही लिहिलेली नाही. ती माहीत असावी लागते. मग ६१२ किलो म्हणजे ६.१२ क्विंटल, त्याला १,४५० नं गुणलं की ८,८७४ आणि त्यातून ९२१ वजा केले की ७,९५३. सर्वांत वर आणखी एक पायरी आहे: हीच गाडी दुसऱ्या बाजारात नेली असती, तिथं भाव शंभर रुपयांनी जास्त पण भाडं दुप्पट असतं, तर काय परवडलं असतं? वाढीव भावाचे ६१२ रुपये मिळाले असते आणि भाड्याचे ७८० जास्त गेले असते. म्हणजे तोटाच.

जनगणनेच्या नोंदीत यातला पहिल्या पायरीवरचा माणूस आणि पाचव्या पायरीवरचा माणूस दोघंही ‘साक्षर’. धोरण ठरवणाऱ्याला मात्र नेमकं हेच हवं असतं, की कोणत्या पायरीवर किती माणसं थांबली आहेत.

सांगितलेलं आणि करून दाखवलेलं

प्रौढांच्या कौशल्याची चाचणी घ्यावी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. राष्ट्रीय साक्षरता मिशननं स्पष्ट मापं ठरवली होती. मोठ्यानं वाचताना मिनिटाला ३० शब्द, मनात वाचताना ३५; पाहून लिहिताना मिनिटाला ७ शब्द, ऐकून लिहिताना ५. एक ते शंभर अंक, तीन अंकी बेरीज-वजाबाकी, दोन अंकांपर्यंतचा गुणाकार-भागाकार, वजन-मापं, पैसे, अंतर आणि वेळ यांचं कामापुरतं ज्ञान. मापं विचारपूर्वक केलेली होती. पण हिशेबाच्या अटीत ‘अपूर्णांक वगळून’ असं म्हटलं होतं. आपली वरची पट्टी ६.१२ वर येऊन थांबते ती इथंच. दुधाचं संकलन केंद्र घ्या. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट (स्निग्धांश) आणि ८.५ एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले इतर घन घटक) या पायावर ठरतो आणि एक दशांशानं फॅट उतरलं तरी लिटरमागे पैसे कमी होतात. रोज दोन वेळा डेअरीवर जाणाऱ्या बाईचा हिशेब दशांश चिन्हाच्या उजवीकडं असतो. चाचणी तिथवर पोचली नाही, तर तिला काय येत नाही हे आपल्याला कधी कळणारच नाही.

सध्या केंद्राचा ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरच्या प्रौढांसाठी चालू आहे. त्याची पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान चाचणी १५० गुणांची असते: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०, आणि प्रत्येकात ३३ टक्के गुण हवेत. १७ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्रात चार लाखांहून अधिक नवसाक्षर या परीक्षेला बसले. वयाच्या साठीत पहिल्यांदा उत्तरपत्रिका हातात घेणारी माणसं त्यांत होती. या परीक्षेबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही तिची मर्यादा लक्षात ठेवावी लागते. जे वर्गात नोंदवले गेले, तेच परीक्षेला येतात. नाव न नोंदवलेल्या लाखोंबद्दल ती काही सांगत नाही. त्यासाठी सर्वेक्षणच करावं लागतं.

सर्वेक्षणात विचारून घेतलेलं उत्तर आणि करून घेतलेलं काम यांत केवढी तफावत पडते, ते पाहा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७९ व्या फेरीत, २०२२-२३ साली, १५ ते २४ वयाच्या तरुणांबद्दल विचारलं गेलं: रोजच्या जीवनातली साधी वाक्यं समजून वाचता-लिहिता येतात का, साधा हिशेब येतो का? सुमारे ९७ टक्क्यांबाबत उत्तर ‘हो’ आलं. त्याच सुमारास, २०२३ साली, ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना प्रत्यक्ष उतारा वाचायला दिला. जवळजवळ चौथाई मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर अडखळल्याशिवाय वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागण्याचं गणित ४३ टक्क्यांना जमलं. दोन पाहण्यांतली वयं आणि भूगोल तंतोतंत एक नाहीत, हे मान्य. पण एवढी मोठी दरी केवळ त्यामुळं पडत नाही. ब्रिज कोठारी आणि तथागत बंदोपाध्याय यांनी हिंदीभाषक चार राज्यांत जनगणनेचा प्रश्न आणि वाचनाची चाचणी दोन्ही एकाच माणसांना लावून पाहिलं. विचारल्यावर सुमारे दोन-तृतीयांश लोक साक्षर ठरले. कामापुरतं नीट वाचू शकणारे निघाले साधारण चौथाई.

यात लोक खोटं बोलतात असं मुळीच नाही. ‘येतं का?’ या प्रश्नाला प्रत्येकाच्या मनात वेगळं माप असतं. एखाद्याला सही करता आली की वाटतं आपल्याला येतं. आणि घरच्या माणसाबद्दल चारचौघांत ‘त्याला येत नाही’ म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

पायऱ्यांची मोजपट्टी कशी तयार होते

जगातली सर्वांत मोठी प्रौढ कौशल्य पाहणी ओईसीडी ही आंतरराष्ट्रीय संघटना घेते. तिच्या दुसऱ्या फेरीत, २०२२-२३ साली, ३१ देशांतल्या १६ ते ६५ वयाच्या सुमारे एक लाख साठ हजार लोकांची वाचन, संख्याज्ञान आणि प्रश्न सोडवण्याची क्षमता तपासली गेली. भारत तिच्यात सामील नाही, पण तिची रीत शिकण्यासारखी आहे.

या पाहणीत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल नसतो. शून्य ते पाचशे अशी एकच मोजपट्टी असते आणि तिच्यावर माणूसही बसतो आणि प्रश्नही बसतो. उंच उडीच्या मैदानात काठी किती उंच आहे आणि उडी मारणारा किती उंच जातो, या दोन्ही गोष्टी एकाच सेंटिमीटरच्या पट्टीवर मोजतात, तसंच हे. हजारो लोकांनी सोडवलेल्या उत्तरांवरून प्रत्येक प्रश्नाची कठीणता ठरते. औषधाच्या वेष्टनावरून दिवसाचा डोस शोधणं खालच्या पातळीवर येतं. दोन तक्ते जुळवून निष्कर्ष काढणं वरच्या. २५० वर बसलेला माणूस २५० च्या कठीणतेचा प्रश्न साधारण तीनपैकी दोन वेळा बरोबर सोडवतो, अशी ही पट्टी आखलेली असते. २२६ ते २७५ ही दुसरी पातळी, २७६ ते ३२५ तिसरी, अशी तिची विभागणी आहे.

या रीतीचा मोठा फायदा असा, की प्रत्येकाला सगळे प्रश्न द्यावे लागत नाहीत. सुरुवातीच्या सोप्या प्रश्नांवरून अंदाज घेऊन पुढचे प्रश्न निवडले जातात, त्यामुळं कमी शिकलेला माणूस पहिल्याच पानावर खचत नाही. संख्याज्ञानासाठी लांबी मोजायची पट्टी आणि गणकयंत्रही दिलं जातं. प्रत्यक्ष जीवनात माणूस ते वापरतोच, मग चाचणीत का नको? आज शिरूरच्या बाजारातही मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. किलोचं क्विंटल करायला हवं हे ज्याला कळतं, त्याचं उरलेलं काम मोबाइल करतो. ज्याला ते कळत नाही, त्याला मोबाइलचा उपयोग नाही.

तोंडी हिशेब मोजायचा की नाही?

मंडईत बसणाऱ्या कितीतरी बायका पावणेदोन किलोचे पैसे क्षणात सांगतात, आणि त्यांना कागदावरचा गुणाकार येत नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्यांचे ९८ टक्के हिशेब बरोबर आले. तीच गणितं कागदावर मांडून दिली तेव्हा ३७ टक्केच. अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांवर असाच अभ्यास केला. २०२५ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या या अभ्यासात हीच बाजू दिसली आणि उलटी बाजूही: शाळेत गणित सोडवणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडखळली.

म्हणून नुसती कागदी चाचणी घेऊन ‘हिला हिशेब येत नाही’ असा शिक्का मारणं चुकीचं आणि अन्यायाचं आहे. दोन्ही मोजायला हवेत: तोंडी हिशेब वेगळा, कागदी वेगळा. तोंडी येतो आणि कागदी येत नाही, अशा बाईला शिकवणं खूप सोपं जाईल. तिला गुणाकार समजावायचा नाही. तिच्या डोक्यातला गुणाकार कागदावर उतरवायला शिकवायचं आहे.

पण तोंडी हिशेब पुरेसा आहे, असंही मानून चालणार नाही. दिवाळीच्या आसपास बीड आणि अहिल्यानगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या दौंड-शिरूरच्या उसात उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती टनामागे मिळणाऱ्या मजुरीतून फिटते. प्रत्येक खेपेचं वजन कारखान्याच्या काट्यावर होतं, त्याची पावती निघते, आणि सगळा मेळ मुकादमाच्या वहीत बसतो. पाच-सहा महिन्यांचा हिशेब डोक्यात राहत नाही. वही वाचता येत नसेल, तर समोरचा सांगेल ती बाकी मान्य करावी लागते. अर्धा कोयता चालवणारी बाई तर त्या वहीजवळही क्वचितच पोचते.

शिरूरबद्दल देश काय सांगू शकतो?

राष्ट्रीय पाहणीतून माझ्या तालुक्याचा आकडा मिळेल का, असा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. उत्तर नाही असं आहे, आणि कारण साध्या भागाकारात सापडतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ साली, शिक्षणासाठी १,१३,७५७ कुटुंबांची माहिती घेतली. त्यांपैकी ६४,५१९ कुटुंबं ८,०९७ गावांतली होती, म्हणजे गावामागे आठ घरं. देशात सहा लाखांच्या आसपास गावं आहेत. त्या हिशेबानं शंभरेक गावांच्या तालुक्यातून सरासरी एखादं गाव आणि आठ घरं निवडली जातील. त्यावरून देशाचा ७७.७ टक्के आणि महाराष्ट्राचा ८४.८ टक्के हा साक्षरता दर भरवशानं सांगता येतो, तालुक्याचा नाही.

तालुक्याचा आकडा हवा असेल, तर तालुक्यातच पाहणी करावी लागेल, आणि ती आवाक्यातली आहे. नमुन्याचा नेमकेपणा लोकसंख्येच्या आकारावर फारसा अवलंबून नसतो. किती माणसं निवडली आणि कशी निवडली, यावर असतो. एक हजार माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली, तर चूक साधारण तीन टक्क्यांच्या आत-बाहेर राहते. चाळीस गाव-वस्त्या निवडून प्रत्येकी पंचवीस माणसं घेतली, तर एका वस्तीतले लोक एकमेकांसारखे असल्यामुळं ती चार-पाच टक्क्यांवर जाते. तरीही ते पुष्कळ झालं.

खरी कसोटी निवडीत आहे. पाहणीवाला आला की घरातला बारावी झालेला मुलगा पुढं होतो. म्हणून घरातलं कोण निवडायचं हे आधी तयार केलेल्या तक्त्यावरून ठरवतात. लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञानं १९४९ साली ही पद्धत दिली. तक्ता म्हणाला सासूबाई, तर सासूबाईच. रांजणगावच्या खोल्यांत पाळीवरून परतलेला कामगार दिवसा झोपलेला असतो, म्हणून तिथं दोन-तीनदा जावं लागतं. उसाच्या फडाकडेच्या कोप्या, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपड्या, यादीत नसतात, त्या शोधून यादीत घ्याव्या लागतात. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन तोडणीच्या हंगामात. कोणत्या महिन्यात मोजणी करतो यावरही कोण मोजलं जातं ते ठरतं.

आणखी एक लहानशी पण मोलाची गोष्ट. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं आणि खेड्यात अनेकांकडे चष्मा नसतो. पाहणीवाल्याच्या पिशवीत दोन-तीन नंबरांचे चष्मे आणि ठळक अक्षरांचे कागद असायलाच हवेत. नाहीतर आपण डोळे मोजू आणि निकाल साक्षरतेचा म्हणून छापू. चाचणीही एकांतात व्हावी. शेजारणीसमोर अडखळण्याचं दुःख कुणाच्या वाट्याला येऊ नये.

इथल्याच मातीतली दोन उदाहरणं

कामातून शिकणं आणि कामातूनच ते पारखणं, याची परंपरा या दोन तालुक्यांत आहे. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुक्ती मिशन उभं केलं. दुष्काळात निराधार झालेल्या बायका-मुली तिथं अक्षरं शिकल्या आणि तिथल्याच छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. उलटे खिळे ओळीनं लावून शुद्ध पान उतरवणाऱ्या बाईच्या साक्षरतेला वेगळ्या दाखल्याची गरज नव्हती.

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुलं तिथं वेल्डिंग, बांधकाम, वीज आणि शेतीची कामं करता करता शिकतात. लोखंडाचा अँगल किती कापायचा, वाया किती जाईल, वस्तू कितीला पडेल, हे काढताना गणित आपोआप पणाला लागतं. माप चुकलं तर फाटक बसत नाही, आणि कुठं चुकलं हे मुलाला स्वतःलाच दिसतं. प्रौढांच्या चाचणीतले प्रश्नही असेच असावेत: बाजारातली पट्टी, डेअरीचं बिल, पगाराची पावती, युरियाच्या गोणीवरचा मजकूर, एसटीचं वेळापत्रक.

पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरली आहे. एवढ्या मोठ्या देशात प्रत्येकाची चाचणी जनगणनेत घेता येणार नाही, हे उघड आहे. पण तिच्या जोडीनं प्रत्येक तालुक्यात हजारभर माणसांची प्रत्यक्ष चाचणी घेणं अशक्य नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा, महाविद्यालयांतले राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आणि आशाताईंसारखी गावाची ओळख असलेली माणसं आपल्याकडे आहेत. निकाल पायऱ्यांनुसार गावाला परत द्यावा: इतक्यांना शब्द वाचता येत नाहीत, इतके आकडे वाचतात पण ताळा पाहू शकत नाहीत, इतके दशांशाशी अडतात. मग कोणत्या वस्तीत बाराखडीपासून सुरुवात करायची आणि कुठं थेट पट्टी शिकवायची, हे शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी ठाऊक असेल. चाचणीनंतर त्याच हंगामात तिथं वर्ग उभा राहिला पाहिजे. जिथं शिकवण्याची आपली तयारी नाही, तिथल्या कष्टकरी माणसाला कागद पुढं करून ‘वाचून दाखवा’ म्हणण्याचा आपल्याला हक्क नाही.